वॉश्ड कॉफीचा पहिला कप: मराठवाड्यातील नवशिक्यांसाठी

कॉफीच्या पाकिटावर ‘सिंगल ओरिजिन’, ‘वॉश्ड’ (म्हणजे धुतलेली) आणि ‘लहान शेतकऱ्यांची’ अशा तीन खुणा अलीकडे एकत्र दिसू लागल्या आहेत, आणि लातूर, परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे राहून असे पाकीट कुरिअरने मागवणारे लोकही आता आढळतात. त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला अनुभव निराशेचा असतो, कारण चार पैसे जास्त देऊन आणलेली कॉफी घरी केल्यावर बेचव किंवा काढ्यासारखी लागते. माझेही तसेच झाले होते. शहराबाहेरच्या घरी बोअरच्या पाण्यात केलेली चिकमगळूरची कॉफी मी दोनदा ओतून दिली, आणि तेच उरलेले पाकीट नांदेडला बहिणीकडे नेऊन तिथल्या नळाच्या पाण्यात केले तेव्हा त्याच दाण्यांतून मोसंबीच्या सालीचा वास आला. हा लेख त्या अनुभवातून लिहिला आहे, म्हणून यात उपकरणांपेक्षा पाण्याला अधिक जागा दिली आहे.

पाकिटावरील शब्दांचा अर्थ

लातूरच्या आडत बाजारात प्रत्येक शेतकऱ्याच्या तुरीचा सौदा वेगळा होतो, पण माल खरेदीदाराच्या गोदामात गेला की औशाची तूर आणि निलंग्याची तूर असा भेद उरत नाही, आणि मिलमधून बाहेर पडणारी डाळ तिच्या प्रतीवरून ओळखली जाते, शेतावरून नाही. भारतातील कॉफीचेही अनेक दशके असेच होते. १९४२ च्या कॉफी कायद्याखालील व्यवस्थेत बागायतदारांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे आणि बोर्ड तो एकत्रितपणे विकत असे. १९९० च्या दशकात ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत सर्व उत्पादकांना आपली कॉफी स्वतः विकण्याची मुभा मिळाली. एका बागेची किंवा एका खोऱ्याची कॉफी वेगळी ठेवून तिच्या नावाने विकणे आपल्या देशात त्यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाले. ‘सिंगल ओरिजिन’ म्हणजे अशी एकाच ठिकाणची, इतर ठिकाणच्या दाण्यांत न मिसळलेली कॉफी. ते ‘ठिकाण’ किती लहान आहे हे मात्र पाकिटागणिक बदलते. नुसते ‘इथिओपिया’ लिहिलेले पाकीटही सिंगल ओरिजिनच म्हणवते, आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन एकरांतील कॉफीलाही तेच नाव मिळते.

‘लहान शेतकरी’ या शब्दाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. भारतीय कॉफी बोर्ड १० हेक्टरांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे पंचवीस एकरांपर्यंतच्या, बागायतदाराला लहान उत्पादक मानते. मराठवाड्यात पंचवीस एकरांचा मालक मोठा शेतकरी समजला जाईल. प्रत्यक्षात बहुसंख्य कॉफी उत्पादकांची लागवड याहून बरीच कमी, दोन हेक्टरांच्या आत असते. आंध्र प्रदेशातील अरकू खोरे आणि ओडिशातील कोरापुट येथे ही शेती प्रामुख्याने आदिवासी कुटुंबांची आहे. इथिओपियात अनेक कुटुंबांची झाडे घराभोवतालच्या परसातच असतात. ती पिकलेली फळे जवळच्या धुण्याच्या केंद्रावर नेऊन विकतात आणि शेकडो कुटुंबांचा माल तिथे एकत्र होतो, त्यामुळे तिकडच्या पाकिटावर शेतकऱ्याऐवजी केंद्राचे नाव दिसते. केनियात हे काम सहकारी संस्थांच्या केंद्रांवर चालते. कोलंबियात मात्र पाच लाखांहून अधिक कुटुंबे कॉफी पिकवतात आणि त्यांतील बहुतेकांकडे साल काढण्याचे छोटे यंत्र घरीच असते, म्हणून एका कुटुंबाची वेगळी कॉफी तिथून सहज मिळू शकते.

कॉफी मराठवाड्यात पिकत नाही, हेही नवशिक्यांनी लक्षात घ्यावे. अरेबिका जातीला डोंगरउतार, मोठ्या झाडांची सावली, साधारण १५ ते २५ अंशांचे हवामान आणि दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस लागतो. आपल्या काळ्या रानाला आणि सातशे-आठशे मिलिमीटरच्या पावसाला ते मानवणारे नाही. महाराष्ट्रात कॉफीची ओळख आहे ती विदर्भातील चिखलदऱ्याला. आपला संबंध येतो तो पिणारे म्हणून, आणि शेतकऱ्याच्या घरातले असल्यामुळे त्या मालामागचे कष्ट ओळखणारे म्हणून.

धुणे म्हणजे नेमके काय

ही प्रक्रिया समजल्याशिवाय पुढील कोणतीही पायरी नीट उमजणार नाही, म्हणून इथे थोडे थांबावे. कॉफीचे फळ पिकल्यावर लालबुंद होते, काही वाणांत पिवळे. त्याची साल पातळ असते, आत थोडासा गोड गर, त्याखाली बुळबुळीत चिकट थर, मग कडक टरफल, टरफलाच्या आत चंदेरी पापुद्रा आणि सर्वांत आत सपाट बाजूंनी एकमेकींना टेकून बसलेल्या दोन बिया असतात. आपण भाजून दळतो त्या या बिया. फळ अख्खेच उन्हात वाळवून नंतर फोडले तर त्या कॉफीला ‘नॅचरल’ म्हणतात, आणि बी वाळवण्यापूर्वीच तिच्याभोवतीचे सर्व काही काढून टाकले तर ‘वॉश्ड’.

जालना हे बियाणे उद्योगाचे शहर आहे, आणि टोमॅटोचे बियाणे धरणाऱ्याला पुढचे काम फारसे समजावून सांगावे लागणार नाही. टोमॅटोच्या बीवरचा निसरडा थर जसा गर आंबवून सोडवतात आणि मग बी धुऊन वाळवतात, तसेच इथे होते. पिकलेली फळे हाताने तोडून आणली की प्रथम पाण्यात टाकतात. पोचट आणि किडलेली फळे वर तरंगतात, ती काढून टाकली जातात. बाजरीच्या बियाण्याला मिठाच्या द्रावणात टाकून हलके दाणे वेगळे करण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यामागचे तत्त्व लगेच कळेल. उरलेल्या फळांची साल त्याच दिवशी पल्पर नावाच्या यंत्राने काढतात, कारण रात्रभर साचलेल्या फळांत नको ते आंबणे सुरू होते. चिकट थरासह बिया टाकीत साधारण बारा ते छत्तीस तास ठेवल्या जातात. थंडी असेल तर जास्त, उकाडा असेल तर कमी. थर सुटला की नाही हे अनुभवी माणूस मूठभर बिया चोळून ठरवतो. बोटांतून निसटणाऱ्या बिया खड्यांसारख्या करकरल्या की काम झाले. काही तास उशीर झाला तरी आंबलेला, व्हिनेगरसारखा वास बीमध्ये कायमचा शिरतो आणि तो पुढे कोणालाही काढता येत नाही. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, टरफलासह बिया अंगणात किंवा जाळीच्या उंच मांडवांवर पसरतात, वरचेवर हलवतात, दुपारच्या कडक उन्हात झाकतात, आणि ओलावा दहा-अकरा टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत वाळवतात. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून भाव पडलेला ज्याने सोसला आहे, त्याला या शेवटच्या दोन टक्क्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

साधारण सहा किलो पिकल्या फळांतून एक किलो कच्ची कॉफी निघते, आणि भाजताना तिचे वजन आणखी पंधरा ते वीस टक्क्यांनी घटते. हिशोब केला तर १५ ग्रॅम कॉफीच्या एका कपामागे शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पन्नास-साठ, फळे हाताने तोडलेली असतात. पाकिटाची किंमत पाहून दचकणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवावा.

धुतल्यामुळे चवीवर होणारा परिणाम असा की फळाच्या गराचा वास बीला लागत नाही. नॅचरल कॉफीत पिकल्या फळाचा, कधी दारूसारखा, भपकारा येतो. वॉश्ड कॉफी स्वच्छ, हलकी आणि आंबटसर लागते, तिच्यात वाण, माती, उंची आणि शेतकऱ्याची निगुती उघडी पडते. उघडे पडण्याची हीच अवस्था आपल्यासाठी अडचणीची ठरते, कारण झाकायला काहीच नसल्यामुळे आपले पाणी, आपले दळण आणि आपली घाईही त्याच कपात स्पष्ट दिसते.

पाण्याचा प्रश्न आणखी एका अर्थाने विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या माणसाला कॉफी धुण्यासाठी पाणी खर्च होते हे ऐकून खटकणे स्वाभाविक आहे. जुन्या पद्धतीत पाणी भरपूर लागते आणि आंबवणीचे ते सांडपाणी तसेच ओढ्यात सोडले तर ओढा नासतो. अलीकडची कमी पाण्याची यंत्रे, पाण्याचा फेरवापर आणि सांडपाणी मुरवण्याचे खड्डे यांनी हे प्रमाण बरेच खाली आणता येते. एखादा विक्रेता आपल्या शेतकऱ्यांच्या नावाने माल विकत असेल तर त्याला याविषयी विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, आणि जो नीट उत्तर देतो त्याच्याकडून घेणे मी पसंत करतो.

पाकीट निवडताना

पहिले पाकीट भारतीय घ्यावे. परदेशी कॉफीवर आयात शुल्क बरेच असते, आणि हात बसेपर्यंत दोन-चार कप बिघडणारच. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी आणि अरकू या चारही ठिकाणच्या अरेबिकाला, तसेच वायनाडच्या रोबस्टा या दुसऱ्या जातीच्या कॉफीला, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केशर आंबा यांना मिळालेले तेच मानांकन असल्यामुळे त्याचा अर्थ आपल्याला समजतो: नाव प्रदेशाचे असते, प्रत मात्र प्रत्येक वेळी पारखून घ्यावी लागते.

पाकिटावर सर्वांत आधी भाजल्याची तारीख शोधावी. केवळ ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ एवढेच लिहिले असेल तर ते पाकीट घेऊ नये. त्यानंतर प्रक्रिया, म्हणजे ‘वॉश्ड’ हा शब्द, मग ठिकाण, गाव किंवा संस्था, उंची आणि वाण. भारतात एस ७९५, सिलेक्शन ९, कावेरी, चंद्रगिरी अशी वाणांची नावे दिसतील. पहिल्या पाकिटासाठी त्यांत फार अडकू नये, पण नोंद ठेवावी, म्हणजे पुढे आपल्याला काय आवडते ते कळू लागते. भारतीय प्रतवारीत ‘प्लँटेशन’ हा शब्द धुतलेल्या अरेबिकासाठी वापरतात, ‘पार्चमेंट’ धुतलेल्या रोबस्टासाठी आणि ‘चेरी’ अख्ख्या वाळवलेल्या फळांच्या कॉफीसाठी. त्यांना जोडून येणारी ए, बी ही अक्षरे मुख्यतः दाण्याचा आकार सांगतात. केनियाचे ‘एए’ही तसेच. दाणा मोठा म्हणून चव चांगली, असा निष्कर्ष काढू नये.

‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांत चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, असते, आणि नियमानुसार अशा मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. ती दुधातल्या कॉफीला दाटपणा देते आणि त्या कॉफीचे स्वतःचे सुख आहे, पण ज्या कामासाठी आपण बसलो आहोत त्यासाठी चिकोरीविरहित, शंभर टक्के कॉफी हवी. भाजणी मध्यम किंवा मध्यमाहून किंचित हलकी निवडावी. फार काळी भाजलेली कॉफी कुठलीही असली तरी भाजणीचीच चव देते. दाणे अख्खे घ्यावेत, दळलेले नाही, आणि पाकीट २५० ग्रॅमचे असावे. किलोभर एकदम मागवण्याचा मोह नवशिक्याने टाळावा.

भारतात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. वाळवण, टरफल काढणे आणि प्रतवारी झाल्यावर नव्या हंगामाचा माल उन्हाळ्यापासून भाजणाऱ्यांकडे येऊ लागतो. म्हणून पावसाळ्यात घेतलेले पाकीट बहुधा ताज्या पिकाचे असते.

पाणी

तुमच्या घरची तुरीची डाळ कुकरमध्ये किती शिट्ट्यांत शिजते, हा माझा पहिला प्रश्न असतो. नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त लागत असतील, साबणाला फेस येत नसेल, पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर बसत असेल, तर ते पाणी क्षारांचे, शाळेच्या पुस्तकातल्या शब्दांत दुष्फेन, आहे आणि त्यात वॉश्ड कॉफी चांगली होणार नाही. पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांना मारून टाकते. ज्या आंबट-गोड चवीसाठी शेतकऱ्याने त्या बिया धुतल्या तीच नाहीशी होते आणि मागे उरतो तो खडूसारखा, मातकट कडूपणा. अशा वेळी दळण बारीक करा, कॉफी वाढवा, काहीही करा, चव परत येत नाही.

दुसऱ्या टोकाला आहे आरओचे किंवा जारचे पाणी. त्यातले क्षार इतके कमी झालेले असतात की कॉफीतला रस ओढून काढायला त्या पाण्यात काही उरत नाही, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोड्या प्रमाणात असावेच लागतात. त्यात केलेली कॉफी टोकदार आंबट आणि पोकळ लागते. कॉफी व्यवसायात वापरले जाणारे पाण्याचे मान असे आहे: विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ७५ ते २५० मिलिग्रॅम, आणि शक्यतो १५० च्या जवळपास. तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. म्हणजे जे पाणी पिण्यास नियमात बसते ते कॉफीला चालेलच असे नाही.

टीडीएस मोजण्याचे पेनासारखे मीटर स्वस्त मिळते, आणि आरओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक कारागिराकडे ते असते. त्याच्याकडून एकदा घरातले सगळे पाणी मोजून घ्यावे. समजा बोअरचे पाणी ८०० निघाले आणि जारचे ४०. एक भाग बोअरचे आणि सहा भाग जारचे मिसळले की १५० च्या जवळ येते. हे साधे त्रैराशिक आहे आणि आपापल्या आकड्यांनी ते करून पाहावे. मात्र मीटर फक्त एकूण क्षार सांगते, त्यांत कोणते किती हे सांगत नाही, म्हणून शेवटचा निर्णय जिभेने करावा. आणि एक इशारा गांभीर्याने देतो: मराठवाड्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आढळते. ज्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून पिण्यायोग्य ठरलेले नाही ते चवीसाठीसुद्धा मिसळू नये.

शहरातले नळाचे पाणी धरणांतून येते: छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीतून, नांदेडला विष्णुपुरीतून, लातूरला मांजरा धरणातून. हे पृष्ठजल बोअरपेक्षा बहुधा सौम्य असते, आणि मिसळण्यासाठी तेच उत्तम. त्यात क्लोरीनचा वास असेल तर पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवावे किंवा चांगले उकळावे. पाणी काही दिवसांआड येते आणि टाकीत साठते, त्यामुळे कॉफीसाठी पाणी आलेल्या दिवशीच दोन-तीन लिटर वेगळे भरून ठेवणे सोयीचे पडते.

ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांच्यासाठी जुना उपाय आहे. क्षारांचे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, झाकून थंड होऊ द्यावे आणि तळाशी बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचे पाणी निवळून घ्यावे. उकळल्याने बायकार्बोनेटचा बराच भाग चुन्याच्या रूपात खाली बसतो. हा उपाय सर्व प्रकारच्या क्षारांवर चालत नाही, पण माझ्या घरच्या पाण्यावर तो निम्म्याहून अधिक लागू पडला. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मृदू करणारे यंत्र, बसवलेल्या पाण्यावर मात्र विसंबू नये. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो, त्यामुळे नळांना थर धरत नाही, पण कॉफीची आम्ले मारणारे बायकार्बोनेट पाण्यात तसेच राहते.

हे सर्व वाचून कंटाळा आला असेल तर एक प्रयोग करावा, त्याला अर्धा तास पुरतो. एकाच कॉफीचे तीन कप, एकाच वेळी, एकाच मापाने: एक घरच्या पाण्याचा, एक जारच्या पाण्याचा, एक मिश्रणाचा. तिघांची चव ओळीने घेतल्यावर पुन्हा कोणाला पाण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

दळणे

कॉफी करायच्या वेळीच दळावी. हाताने फिरवायची, दोन दातेरी पाती असलेली चक्की घेतली तर उत्तम, कारण तिच्यातून दाणे एकसारखे निघतात. आधी चक्की घ्या, बाकीची साधने नंतर. चक्की येईपर्यंत घरचा मिक्सर चालेल, पण तो सलग न फिरवता दोन-दोन सेकंदांचे झटके देत, मध्ये भांडे हलवत दळावे आणि शेवटी पिठूळ भाग चहाच्या बारीक गाळणीने चाळून काढावा. भांड्याला काळ्या मसाल्याचा वास असेल तर मात्र कॉफीला तो लागणारच, म्हणून वेगळे भांडे ठेवावे. भिजत ठेवण्याच्या पद्धतीसाठी दळण लापशीच्या जाड रव्यासारखे, आणि कागदी फिल्टरमधून गाळण्यासाठी उपम्याच्या बारीक रव्यासारखे असावे.

कॉफी करण्याची कृती

सुरुवात पातेल्यापासून करावी, असे माझे मत आहे. वजनकाटा तेवढा हवा; स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. पंधरा ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी भांड्यात घ्यावी, २४० मिलिलिटर पाणी उकळून तिच्यावर ओतावे, झाकण ठेवावे आणि चार मिनिटे थांबावे. समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे हलक्या भाजणीच्या कॉफीवर ते उकळल्याबरोबर ओतले तरी चालते. भाजणी मध्यमाहून गडद असेल तर एक मिनिट थांबून ओतावे. चार मिनिटांनी वर जमलेली साय चमच्याने हलकेच मोडावी, फेस काढून टाकावा, आणखी तीन-चार मिनिटे गाळ खाली बसू द्यावा आणि मग गाळून घ्यावे. फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेले कॉफीचे भांडे, असेल तर याच मापाने करावे. जाळी तळापर्यंत जोराने दाबू नये, नाहीतर खाली बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो.

हात बसला की कागदी फिल्टर ठेवायच्या शंकूसारख्या भांड्याकडे, म्हणजे ड्रिपरकडे, वळावे, कारण वॉश्ड कॉफीची स्वच्छ चव कागदी फिल्टरमधून सर्वांत चांगली उतरते. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यावा, म्हणजे त्याचा वास जातो आणि भांडे तापते. पंधरा ग्रॅम कॉफी सपाट करून तिच्यावर चाळीस मिलिलिटर पाणी ओतावे, सगळी पूड भिजली आहे याची खात्री करावी आणि चाळीस सेकंद थांबावे. ताजी कॉफी या वेळी फुगते आणि बुडबुडे सोडते, कारण भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग बारीक धारेने, मधून बाहेर गोल फिरवत, १४० मिलिलिटरपर्यंत पाणी न्यावे, पातळी थोडी उतरू द्यावी आणि उरलेले शंभर मिलिलिटर ओतावे. सुरुवातीपासून सगळे पाणी गळून जाईपर्यंत पावणेतीन ते सव्वातीन मिनिटे लागली तर दळण बरोबर आहे.

दूध घालू का, असे नेहमी विचारतात. चहाच्या हॉटेलात वाढलेल्या आपल्या जिभेला बिनदुधाची कॉफी प्रथम रोगट वाटते हे मी जाणतो. तरी पहिले चार घोट तसेच घ्यावेत, थोडी कोमट झाल्यावर आणखी दोन घ्यावेत आणि मग हवे तर साखर-दूध घालावे. रोज दुधातच प्यायची असेल तर हलकी भाजलेली अरेबिका वाया घालवण्यापेक्षा धुतलेली रोबस्टा, मध्यम-गडद भाजणीची, निवडावी. तीही वायनाड-कोडगूच्या लहान शेतकऱ्यांचीच मिळते आणि दुधात खंबीर उभी राहते.

चव ओळखणे आणि जुळवणे

नवशिक्याची सर्वांत मोठी गफलत ‘आंबट’ या शब्दापाशी होते. आपल्याकडे आंबट म्हणजे बिघडलेले, असा अर्थ पेयांच्या बाबतीत चटकन घेतला जातो. वॉश्ड कॉफीतला चांगला आंबटपणा मोसंबीचा असतो, केशर आंब्याच्या साल-कोयीकडचा असतो, कधी गाभुळलेल्या चिंचेचा. त्याच्या मागोमाग गूळ किंवा मनुकांसारखी गोडी येते. वाईट आंबटपणाला मागे गोडी नसते, तो खारट असतो आणि जिभेच्या कडांना टोचतो. याचा अर्थ कॉफीतला रस पुरेसा उतरला नाही: दळण थोडे बारीक करावे किंवा पाणी अधिक गरम घ्यावे. उलट चव कडू, तुरट, जीभ कोरडी करणारी असेल तर रस जास्त उतरला आहे, तेव्हा दळण जाड करावे. व्हिनेगरसारखा किंवा ओल्या पोत्यासारखा वास मात्र आंबवण्यातला किंवा वाळवण्यातला दोष असतो आणि तो आपल्याला दुरुस्त करता येणार नाही. तसे आढळले तर विक्रेत्याला सभ्य भाषेत जरूर कळवावे. पाकिटावर लिहिलेली ‘बर्गामॉट’, ‘ब्लॅककरंट’ अशी नावे ओळखू आली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नये. ज्याने जन्मात ते फळ खाल्ले नाही त्याने बोर, जांभूळ, सीताफळ, करवंद असे आपले शब्द वहीत लिहावेत. तुलना करण्यासाठी तेच अधिक उपयोगी पडतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि वहीत तारीख, पाण्याचे प्रमाण, दळण, वेळ आणि चव एवढे लिहावे. तीन-चार पाकिटे झाली की एक वॉश्ड आणि एक नॅचरल, शक्य असल्यास एकाच गावची, शेजारी शेजारी करून पाहावी. या प्रक्रियेविषयी जे वर लिहिले आहे ते तेव्हा जिभेवर येते.

साठवण

भाजल्यानंतर पहिला आठवडाभर कॉफीला विश्रांती द्यावी आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात ती संपवावी. एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेले पाकीट आधीच थोडे शिळे झालेले असते, म्हणून उन्हाळ्यासाठीची खरेदी मार्चमध्ये करावी. पाकीट उघडले की त्यातली हवा दाबून काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसच्या शेगडीपासून दूरच्या फडताळात ठेवावे. उघडे पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नये. तिथला ओलावा आणि कालच्या भाजीचा वास दोन्ही दाण्यांत शिरतात. उन्हाळाभर पुरवायची असेल तर शंभर-शंभर ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, एका वेळी एकच बाहेर काढावी, ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी आणि उघडलेली पुडी पुन्हा आत ठेवू नये.